दिवाळीतील मातीचे किल्ले : लघुप्रतिकृतीची लोकपरंपरा आणि मुळशीचा दुर्गभूगोल

सारांश

महाराष्ट्रात दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात मातीचा किल्ला उभारतात व त्यावर रंगविलेली मातीची चित्रे मांडतात. या प्रथेकडे प्रामुख्याने बालमनोरंजन किंवा शिवभक्तीचा आविष्कार म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात तिचा विचार इतिहास-साधन म्हणून केला आहे. किल्ल्याची भूमी आणि त्यावरील चित्रे या दोन घटकांतून दोन वेगळ्या प्रकारची स्मृती जपली जाते, हे येथे दाखविले आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या संदर्भात ही प्रथा स्थानिक इतिहासाच्या अध्यापनासाठी कशी उपयोगी ठरू शकते, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : मातीचा किल्ला, लघुप्रतिकृती, मावळ, दुर्गभूगोल, घेरा, स्थानिक इतिहास.

प्रस्तावना

सहामाही परीक्षा संपली की महाराष्ट्रातील अनेक गावांत व शहरांत मुलांची टोळी माती, विटा व दगड गोळा करू लागते. वाड्याचे अंगण, सोसायटीच्या भिंतीलगतची जागा किंवा रस्त्याकडेची मोकळी पट्टी निवडली जाते आणि लक्ष्मीपूजनापर्यंत तेथे एक किल्ला उभा राहतो. या कामास मुदत असते, साधने मर्यादित असतात आणि शेजारच्या आळीतील किल्ल्याशी चुरस असते. छोट्या मूर्ती रंगवून त्यांच्यासाठी छोटी भूमी घडविण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी आढळतो. महाराष्ट्रात मात्र तो सणाच्या दिनक्रमाचा भाग बनला आहे.

ही प्रथा शिवकाळापासून चालत आल्याचे लोकपरंपरा सांगते. प्रस्तुत विवेचनाचा विषय तिचा उगम हा नसून तिची रचना हा आहे. मातीच्या किल्ल्यात काय काय असते, ते कोणत्या क्रमाने घडते, त्यातून इतिहासाची कोणती समजूत व्यक्त होते आणि कोणती निसटते, हे प्रश्न इतिहासाच्या अध्यापकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

निबंधाची उद्दिष्टे

१. मातीचा किल्ला घडविण्याच्या कृतीचे वर्णन करून तिच्यातील भौगोलिक ज्ञान स्पष्ट करणे.
२. किल्ल्यावरील रंगीत चित्रांचे ऐतिहासिक व सांस्कृतिक स्वरूप तपासणे.
३. पाश्चात्त्य जगातील लघुप्रतिकृतींच्या परंपरेशी या प्रथेची तुलना करणे.
४. मुळशी तालुक्यातील दुर्ग व भूप्रदेश यांच्या अभ्यासासाठी या प्रथेची उपयुक्तता मांडणे.

मातीच्या किल्ल्याची घडण

किल्ल्याचा गाभा विटा, दगड, फुटक्या कुंड्या किंवा लाकडी खोकी रचून तयार केला जातो. त्यावर पातळ चिखलात भिजविलेले गोणपाट अंथरतात. गोणपाटाच्या नैसर्गिक चुण्यांतून डोंगराच्या घळी आणि सोंडा आपोआप आकार घेतात. नंतर चाळलेल्या मातीचा गिलावा दिला जातो. पेला किंवा डबा मातीने भरून पालथा घातला की बुरूज तयार होतो. बुरूज तटाने जोडले जातात, काडीने किंवा बोटाने पायऱ्या कोरल्या जातात. वाटी पुरून तळे केले जाते. गेरू, चुना व रांगोळी यांनी तट, वाटा व अंगणे रंगविली जातात.

पायथ्याशी आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली जाते. अळीव तीन-चार दिवसांत रुजते, म्हणून पेरणीचा दिवस मागे मोजून ठरवावा लागतो. फार पाणी शिंपडले तर माती वाहून जाते आणि कमी शिंपडले तर हिरवळ उगवत नाही. उताराची माती धरून ठेवण्यासाठी झाडी लागते, हा धडा मूल येथे हाताने शिकते.

रचनेचा हा क्रम सह्याद्रीच्या भूरचनेशी जुळणारा आहे. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर एकावर एक साचलेले असल्यामुळे येथील डोंगर कडा, उतार, सपाटी, पुन्हा कडा अशा टप्प्यांनी चढत जातो. गिरिदुर्गाची माची व बालेकिल्ला ही विभागणी याच टप्प्यांवर आधारलेली आहे. मूल प्रथम डोंगर घडविते, मग त्याची सपाटी शोधून तट बांधते आणि शेवटी वाट काढते. प्रत्यक्ष गिरिदुर्गाची उभारणीही स्थळाच्या निवडीपासूनच सुरू होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५-१६) दुर्गबांधणीविषयी जो विचार आढळतो, तो या संदर्भात लक्षणीय आहे. बांधकामापूर्वी गडावर पाण्याची खात्री करून घ्यावी, संकटकाळासाठी राखीव टाकी असावीत, दरवाजा खालून सरळ माऱ्यात येणार नाही असा बांधावा, गडाच्या भोवतालची झाडी जपावी आणि गडाला बाधक ठरेल असा जवळचा डोंगर मोकळा सोडू नये, अशा आशयाच्या सूचना त्यात आहेत. त्यांचा भर भूमी, पाणी, वाट व झाडी यांवर आहे. अंगणातील किल्ल्यात मुलाला ज्या गोष्टींशी झुंजावे लागते त्याही नेमक्या याच आहेत. तळे कोठे खोदावे, वाट कोणत्या अंगाने वर न्यावी, दरवाजा कोठे लपवावा, हे प्रश्न खेळातले असले तरी त्यांचे तर्कशास्त्र दुर्गशास्त्राचेच आहे.

चित्रे : प्रमाण, रंग आणि मान

किल्ल्यावर मांडावयाच्या मूर्तींना पुण्याकडे ‘चित्रे’ असेच म्हणतात. कुंभारवाड्यांत व दिवाळीच्या बाजारात ती मिळतात. साच्यात माती किंवा प्लास्टर दाबून आकार काढला जातो, तो वाळल्यावर त्यावर पांढरा हात दिला जातो, त्यानंतर अंगाचा रंग, वस्त्रांचा रंग, सोनेरी दागिने आणि सरतेशेवटी डोळे व मिशा रेखल्या जातात. गणेशमूर्तीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी शेवटी व सर्वांत कसलेल्या हाताने होते. रंगकामाची ही शिस्त दोन्हीकडे समान आहे.

या चित्रांच्या मांडणीत एक गोष्ट प्रथमदर्शनी चूक वाटते. सिंहासनावरील शिवाजी महाराजांची मूर्ती दरवाजापेक्षा मोठी असते, मावळा बुरुजाच्या उंचीचा असतो आणि पायथ्याची गवळण तोफेपेक्षा उंच दिसते. मोजमापाच्या दृष्टीने हे विसंगत आहे. परंतु येथे आकार मोजमापाने ठरत नसून मानाने ठरतो. पैठणी शैलीच्या चित्रकथीतही महत्त्वाची व्यक्ती मोठी काढण्याची पद्धत दिसते. त्यामुळे चित्रांचे प्रमाण हा अज्ञानाचा पुरावा न मानता तो लोककलेचा संकेत मानणे अधिक योग्य ठरते.

दुसरी बाब पायथ्याच्या वस्तीची आहे. विहीर, औत धरलेला शेतकरी, भाजीवाली, पैलवान, वासुदेव, गाईगुरे अशी चित्रे किल्ल्याच्या तळाशी मांडली जातात. परीक्षक व पालक यांना ती अनेकदा केवळ शोभेची वाटतात. वास्तविक प्रत्येक महत्त्वाच्या गडाला त्याचा ‘घेरा’ असे. गडाच्या भोवतालची गावे, वाटांवरील मेटे आणि पायथ्याची पेठ यांच्या आधारानेच गड नांदत असे. धान्य, दूध, लाकूडफाटा आणि माणसे तेथूनच वर जात. मुलांच्या किल्ल्यात घेऱ्याची ही आठवण टिकून आहे. तटबुरुजांच्या वर्णनात रमलेल्या अनेक दुर्गविषयक पुस्तकांपेक्षा या बाबतीत अंगणातील किल्ला अधिक परिपूर्ण आहे, असे म्हणता येईल.

याउलट मावळ्याच्या चित्रात एक महत्त्वाची गोष्ट हरवली आहे. बाजारातील मावळा ढाल-तलवार घेतलेला शिपाई असतो आणि शेतकऱ्याचे चित्र त्याच्यापासून वेगळे असते. इतिहासातील मावळा हा मावळ खोऱ्यात शेती करणारा, डोंगरवाटा पायाखालच्या असलेला आणि प्रसंगी शस्त्र हाती घेणारा माणूस होता. साच्यांनी एकाच माणसाची दोन चित्रे केली आणि त्यांतील एकाला गडावर व दुसऱ्याला पायथ्याशी ठेवले.

लघुप्रतिकृतींची पाश्चात्त्य परंपरा

तुलनेसाठी युरोपातील दोन परंपरांचा विचार उपयुक्त ठरतो. पहिली परंपरा राजसत्तेची आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत, १६६८ पासून, युद्धमंत्री लुव्वा याच्या पुढाकाराने तटबंदीयुक्त नगरांच्या प्रतिकृती तयार करण्यास प्रारंभ झाला. त्या साधारणपणे एकास सहाशे या प्रमाणात असून त्यांत तटाबरोबर भोवतालची शेते, नद्या, रस्ते व घरेही दाखविलेली आहेत. अशा सुमारे १०० प्रतिकृती पॅरिस येथील संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. ज्या काळात हे काम सुरू झाले, त्याच काळात महाराष्ट्रात पुरंदरच्या तहाने (१६६५) मोगलांकडे गेलेले २३ किल्ले परत मिळविण्याची तयारी होत होती आणि १६७० पासून ती मोहीम प्रत्यक्षात आली. फ्रान्समधील प्रतिकृती हे राज्याचे गुपित होते. त्या पाहण्याचा अधिकार मोजक्यांनाच होता.

दुसरी परंपरा खेळाची आहे. प्रशियात १८१२ मध्ये राइसविट्झ याने भूप्रदेशाच्या छोट्या प्रतिकृतीवर खेळावयाचा युद्धखेळ राजापुढे मांडला. पुढे त्याच्या मुलाने त्यास लष्करी प्रशिक्षणाचे रूप दिले. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातील सैनिकांच्या लढायांचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हे खेळ आल्यानंतर राक्षस, बुटके व जादूगार यांच्या बोटभर मूर्ती रंगविणे हा स्वतंत्र छंद बनला. मूर्तीला आधी एकसारखा हात देणे, खोलगट भागात पातळ गडद रंग सोडणे, उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याने फिका रंग फिरविणे आणि बैठकीवर वाळू व रंगीत भुसा चिकटवून जमीन दाखविणे, ही त्याची पद्धत आहे. ठरावीक मुदतीत ठरावीक मूर्ती पूर्ण करण्याची आव्हाने हे छंदकरी एकमेकांना देतात.

लाकडाचा हिरवा भुसा पसरून गवत दाखविण्याची युक्ती आपल्याकडील मुलांनाही ठाऊक आहे. तथापि एक मूलभूत भेद नोंदविला पाहिजे. पाश्चात्त्य छंदात मूर्ती हे केंद्र असते व भूमी तिला साहाय्यक असते. शिवाय तेथील अद्भुत जग कोणत्याही प्रत्यक्ष प्रदेशाशी बांधलेले नसते. दिवाळीच्या किल्ल्यात भूमी आधी येते, चित्रे मागाहून येतात, आणि ती भूमी कल्पित असली तरी सह्याद्रीची असते. फ्रान्समधील प्रतिकृती राजासाठी होत्या, तर मातीचा किल्ला रस्त्याने जाणाऱ्या कोणाही माणसासाठी असतो.

स्पर्धा आणि प्रतिकृतीकडे झालेला प्रवास

किल्ले-स्पर्धांमुळे या प्रथेचे स्वरूप पालटले. पुणे महानगरपालिकेच्या उद्यान विभागातर्फे संभाजी उद्यानात दिवाळीच्या सुमारास भरणारी किल्ल्यांची स्पर्धा प्रसिद्ध आहे. गावोगावची मंडळे, शाळा व वाचनालयेही अशा स्पर्धा घेतात. अनेक स्पर्धांत काल्पनिक किल्ला आणि प्रत्यक्ष किल्ल्याची प्रतिकृती असे दोन गट केले जातात. मुले आपल्या किल्ल्याशेजारी उभी राहून त्याची माहिती सांगतात व परीक्षक त्यांना प्रश्न विचारतात.

स्पर्धेचे लाभ निश्चित आहेत. प्रतिकृती करण्यासाठी नकाशा पाहावा लागतो, शक्य तर गडावर जावे लागते, दरवाजांची नावे पाठ करावी लागतात. काल्पनिक किल्ल्यातील विमाने आणि बंदूकधारी सैनिक प्रतिकृतीतून बाद होतात. मात्र या बदलाची दुसरी बाजूही आहे. रायगड, राजगड, प्रतापगड, सिंहगड, सिंधुदुर्ग अशा कीर्तिवंत गडांकडेच ओढा राहतो. ११ जुलै २०२५ रोजी ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत महाराष्ट्रातील ११ व तमिळनाडूतील जिंजी हा एक किल्ला आहे. ही अभिमानाची घटना आहे. तथापि तिच्यामुळे यादीबाहेरील शेकडो गड मुलांच्या नजरेतून आणखी दूर जाण्याचा संभवही आहे. या वारशाचे नाव किल्ल्यांपुरते नसून ‘भूप्रदेश’ असे आहे, याकडे अध्यापकांनी लक्ष वेधणे आवश्यक आहे.

दिवाळीपूर्वी रस्त्यांवर विकावयास येणारे प्लास्टरचे तयार किल्ले हा याहून गंभीर बदल होय. विकतचे चित्र आणि घरचा डोंगर अशी जुनी विभागणी होती. डोंगरही विकत आला की मुलाच्या हाती केवळ मांडणी उरते आणि या प्रथेतील ज्ञानाचा मुख्य अंश नाहीसा होतो.

मुळशी : प्रतिकृतीसाठी एक भूप्रदेश

वरील विवेचन मुळशी तालुक्याच्या संदर्भात तपासता येते. पौड, मुठे, मोसे व कोरबारसे ही मावळाची खोरी या तालुक्याशी निगडित आहेत. ज्या मावळ्याचे चित्र महाराष्ट्रभर किल्ल्यांवर मांडले जाते, त्याच्या घरांपैकी काही घरे याच खोऱ्यांत होती.

तालुक्यातील तीन गड येथे उदाहरणादाखल घेता येतील. पेठ शहापूर गावाजवळील कोरीगडाचा माथा विस्तृत व सपाट असून त्याची तटबंदी जवळपास अखंड आहे. गडावर दोन मोठी तळी, तोफा व कोराई देवीचे मंदिर आहे. पायथ्याच्या गावाच्या नावातील ‘पेठ’ हा शब्द घेऱ्याच्या अर्थव्यवस्थेची साक्ष देतो. एकोले गावावरील घनगड याच्या अगदी उलट आहे. त्याचा माथा लहान, कडे उभे, टाकी कातळात खोदलेली आणि वाट अवघड आहे. जवळच्या तैलबैलाच्या दोन प्रचंड कातळभिंती व तेथून कोकणात उतरणाऱ्या सवाष्णी आणि वाघजाई या घाटवाटा पाहिल्या म्हणजे घनगडाचे प्रयोजन समजते. घाटवाटांवर नजर ठेवणारे ते ठाणे होते. वडुस्ते गावाजवळील कैलासगडावर बांधकामाचे अवशेष थोडे आहेत. त्याचे महत्त्व तटबुरुजांपेक्षा त्याच्या जागेत आहे.

मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या फौजेने कोरीगडावर तोफा डागल्या. दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि गड इंग्रजांच्या हाती गेला. पाठोपाठ घनगडही पडला. याच प्रॉथरने पुढे मे १८१८ मध्ये रायगड घेतला. रायगडाची प्रतिकृती करणाऱ्या मुळशीतील विद्यार्थ्यास हे ठाऊक असेल, तर त्याला दोन्ही गडांमधील ऐतिहासिक धागा आपल्याच तालुक्यातून सुरू होताना दिसेल.

या गडांच्या प्रतिकृती करताना तट आणि बुरूज यांवर विसंबून भागत नाही. घनगड करावयाचा तर दोन-तीन फूट लांबीत मावळचे पठार, कोकणाकडे तुटलेला कडा, त्यातून उतरणारी नाळ आणि बाजूला तैलबैला असा सारा मुलूख घडवावा लागतो. गड त्यात वितभरच उरतो. किल्ला म्हणजे इमारत नसून भूमीवरील जागा आहे, हे विद्यार्थ्याला या कृतीतून कळते.

मुळशीच्या इतिहासात भूमीचा हा प्रश्न आणखी एका प्रसंगी कळीचा ठरला. वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनीच्या धरणाखाली खोऱ्यातील जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह उभा राहिला. या लढ्यानेच त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी लाभली. १९२४ पर्यंत चाललेला हा लढा धरण थांबवू शकला नाही. खोऱ्यातील गावे व भातखाचरे पाण्याखाली गेली आणि ते पाणी सह्याद्री ओलांडून भिरा येथील वीजगृहाकडे वळविण्यात आले. साच्यांनी मावळा व शेतकरी यांची ताटातूट केली असली, तरी मुळशीच्या सत्याग्रहींत ते दोघे एकच होते. पुढील काळात धरणे, गिरिस्थाने, बंगल्यांची संकुले आणि रस्ते यांमुळे तालुक्यातील अनेक उतारांचे रूप बदलले. कोरीगडावरून खाली पाहिले असता पायथ्याशी वसविलेली आधुनिक नगरी नजरेत भरते.

अशा प्रदेशात प्रतिकृतीला जतनाचे कार्य करता येते. फ्रान्समधील प्रतिकृतींमुळे बदललेल्या नगरांचे जुने रूप अभ्यासता येते. मुळशीत गावातील वृद्धांच्या स्मृती, जुने नकाशे आणि महसुली कागद यांच्या आधारे बुडालेल्या खोऱ्याची मातीची प्रतिकृती घडविता येईल. नदी कोठून वाहत होती, खाचरे कोठे होती, देवळे व वाटा कोणत्या होत्या, हे विचारत विद्यार्थी घरोघरी गेले, तर मौखिक इतिहासाचे संकलनही त्याच कामात होईल.

निष्कर्ष

१. मातीच्या किल्ल्यात भूमी आणि चित्रे हे दोन भिन्न ज्ञानसाठे आहेत. चित्रांतून वीरपुरुषांविषयीचा आदर व्यक्त होतो, तर भूमीच्या घडणीतून पाणी, वाट, उतार व झाडी यांचे दुर्गशास्त्रीय ज्ञान हस्तांतरित होते.

२. पायथ्याची वस्ती ही केवळ सजावट नसून गडाच्या घेऱ्याची लोकस्मृती आहे. परीक्षकांनी तिला गुण देताना हा अर्थ लक्षात घ्यावा.

३. स्पर्धांनी अचूकतेची ओढ निर्माण केली, परंतु गडांची निवड संकुचित केली. तालुक्यातील अपरिचित गडासाठी स्वतंत्र गट ठेवल्यास हा दोष कमी होऊ शकेल. तयार किल्ल्यांना मात्र स्पर्धेत स्थान असू नये.

४. मुळशीसारख्या तालुक्यात महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी एकत्रितपणे कोरीगड, घनगड, कैलासगड आणि बुडालेले खोरे यांच्या प्रतिकृतींचा उपक्रम हाती घेतल्यास स्थानिक इतिहासाचे अध्यापन प्रत्यक्ष भूमीशी जोडले जाईल.

मातीचा किल्ला टिकाऊ नसतो. दिवाळी सरली की काही मुले सुतळी बॉम्ब लावून तो उडवितात, काही ठिकाणी तो तसाच राहून ढासळतो आणि त्याची माती अंगणात मिसळून जाते. पुढील वर्षी तो पुन्हा पायापासून घडवावा लागतो. दरवर्षी नव्याने घडवावा लागतो म्हणूनच त्याचे ज्ञान थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे जात राहिले आहे. मुळशीतील मुलाने यंदा रायगडाशेजारी आपल्या खिडकीतून दिसणारा डोंगरही घडविला, तर या परंपरेचा इतिहासास होणारा उपयोग दुणावेल.